एक पुस्तक, अनेक वाचक

महागाईचा विषय निघाला की धान्य, तेल, इंधन आणि घरभाडे यांची नावे प्रथम ओठांवर येतात. पुस्तकाचे नाव त्या यादीत क्वचितच असते. पुस्तकावाचून कोणी उपाशी राहत नाही. म्हणून ज्या घरी खर्चाची ओढाताण असते, त्या घरी पहिली कात्री पुस्तकाच्या खर्चाला लागते. दुकानात पुस्तक हाती घेऊन, त्याची चार पाने चाळून, मागील बाजूस छापलेली किंमत वाचून ते मुकाट्याने परत फळीवर ठेवणारी मुले गावोगाव आढळतात. त्यांची भूक पोटाची नसल्यामुळे ती कोणाच्या दृष्टीस पडत नाही. परंतु ही भूक योग्य वयात भागली नाही, तर ती मरून जाते. आणि एकदा मेलेली वाचनाची भूक मोठेपणी हाती पैसा आला तरी सहसा पुन्हा जागी होत नाही. म्हणून पुस्तकांची वाढती किंमत हा केवळ दुकानदार आणि गिऱ्हाईक यांच्यामधील प्रश्न नव्हे. तो साऱ्या समाजाचा प्रश्न आहे.

प्रकाशक लोभी झाले म्हणून पुस्तके महागली, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण ते न्यायाचे नाही. पुस्तक सिद्ध होण्यासाठी अनेक हात राबत असतात. लेखक लिहितो, चित्रकार चित्रे काढतो, अक्षरजुळणी करणारा मजकूर जुळवितो, मुद्रितशोधक त्यातील चुका वेचतो, छापखान्यात ते छापले जाते आणि बांधणी करणारा त्याला आकार देतो. त्यानंतर वाहतुकीचा खर्च येतो आणि विक्रेत्याचा वाटा येतो. कागदाची तर गोष्टच वेगळी. २०२१ आणि २०२२ या दोन वर्षांत कागदाचे भाव झपाट्याने चढले आणि लहान प्रकाशकांची कंबर वाकली.

याहूनही महत्त्वाचे असे एक कारण आहे. पुस्तकाच्या एक हजार प्रती छापल्या काय किंवा पाच हजार छापल्या काय, लेखन, चित्रे, जुळणी आणि तपासणी यांचा खर्च तोच राहतो. समजा, हा खर्च साठ हजार रुपये आला. प्रती पाचशेच काढल्या, तर प्रत्येक प्रतीवर त्याचा भार एकशेवीस रुपये पडेल. तीन हजार काढल्या, तर तोच भार वीस रुपयांवर उतरेल. कागद आणि छपाई यांचा खर्च वेगळा. मराठी पुस्तकाची आवृत्ती पुष्कळदा हजार प्रतींची, आणि कधी कधी त्याहूनही लहान असते. वाचक थोडे म्हणून प्रती थोड्या. प्रती थोड्या म्हणून किंमत अधिक. आणि किंमत अधिक म्हणून वाचक आणखी थोडे, असे हे दुष्टचक्र आहे. ते मोडावयाचे असेल, तर वाचकांची संख्या वाढविली पाहिजे. वाचनाची गोडी लागल्याशिवाय कोणी पुस्तक विकत घेत नाही, आणि वाचावयास मिळाल्याशिवाय गोडी लागत नाही. तेव्हा अल्प खर्चात वाचनाची सोय करणे, हाच या चक्राचा फेरा उलटविण्याचा खरा मार्ग होय.

येथे काही जण एक आडवाट दाखवितात. रस्त्याच्या कडेला नव्या, गाजलेल्या पुस्तकांच्या चोरून छापलेल्या प्रती निम्म्याहून कमी किमतीस मिळतात. भ्रमणध्वनीवरून त्यांच्या नकला फुकटही फिरत असतात. स्वस्त मिळते ते का घेऊ नये, असा प्रश्न भाबड्या वाचकास पडतो. त्याचे उत्तर वरील हिशोबातच आहे. चोरून छापणारा लेखकाला काही देत नाही, चित्रकाराला देत नाही, मुद्रितशोधकालाही देत नाही. तो केवळ कागद आणि शाई यांचे पैसे मोजतो, म्हणून त्याची प्रत स्वस्त असते. दुसऱ्याने नांगरलेल्या व पेरलेल्या शेतातील कणसे रातोरात खुडून नेणाऱ्यास ती बाजारात स्वस्त विकणे सहज परवडते. परंतु असे वारंवार घडू लागले, तर पुढच्या वर्षी शेतकरी पेरणीच करणार नाही. गरज खरी असली, तरी तेवढ्याने मार्ग योग्य ठरत नाही. विशेषतः सरळ मार्ग उपलब्ध असताना तर नाहीच नाही.

असा सरळ मार्ग महाराष्ट्राला नवा नाही. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ साली, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० साली आणि पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ साली सुरू झाले. ठाण्यास १८९३ साली मराठी ग्रंथसंग्रहालय निघाले आणि १८९८ साली मुंबईत मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय उभे राहिले. त्या काळी पुस्तके आजच्याइतकी विपुल नव्हती, आणि सामान्य माणसाच्या मिळकतीच्या मानाने ती स्वस्तही नव्हती. परंतु जे एकट्यास परवडत नाही ते दहाजणांस मिळून परवडते, हे त्या पिढीने ओळखले होते. तीनशे रुपयांचे पुस्तक एकाने वाचून कपाटात ठेवले, तर त्या वाचनाचा खर्च तीनशे रुपये झाला. तेच पुस्तक तीस जणांनी वाचले, तर तो प्रत्येकी दहा रुपयांवर आला. ग्रंथालयाचे सारे अर्थशास्त्र या साध्या भागाकारात सामावलेले आहे.

बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी हाच विचार राज्याच्या पातळीवर आचरणात आणला. १९०६ साली त्यांनी आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. परंतु शाळेत शिकलेली अक्षरे पुढे वाचावयास काही न मिळाल्यास विसरली जातात, हेही त्यांच्या दूरदृष्टीने हेरले. म्हणून १९१० साली त्यांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना पाचारण केले आणि संस्थानात मोफत ग्रंथालयांची योजना सुरू केली. ज्या गावी ग्रंथालय नव्हते, त्या गावी पुस्तकांनी भरलेल्या पेट्या पाठविल्या जात. गावकऱ्यांनी पुस्तके वाचावी, पेटी परत धाडावी आणि तिच्या जागी दुसरी यावी, अशी ही व्यवस्था होती. वाचकाने ग्रंथाकडे जावे याची वाट न पाहता ग्रंथच वाचकाकडे निघाला. १९३१ साली तमिळ प्रदेशातील मन्नारगुडी येथे तर पुस्तके बैलगाडीतून खेडोपाडी गेली. त्याच वर्षी ग्रंथालयशास्त्राचे आचार्य रंगनाथन यांचा पाच सूत्रांवरील प्रसिद्ध ग्रंथ प्रकाशित झाला. ग्रंथ हा कुलुपात जपून ठेवण्याचा दागिना नसून वापरण्याची वस्तू आहे, हा विचार त्यांनी सर्वांच्या अग्रभागी ठेवला.

पेटीची ती कल्पना आजही जिवंत आहे. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानाने २००९ साली ‘ग्रंथ तुमच्या दारी’ हा उपक्रम आरंभिला. शंभर पुस्तकांची एक पेटी वाचकांच्या एका गटास द्यावयाची, आणि ठरावीक काळाने ती दुसऱ्या गटाच्या पेटीशी बदलावयाची, असे त्याचे स्वरूप आहे. या पेट्या महाराष्ट्राबाहेर आणि परदेशांतील मराठी माणसांपर्यंतही पोचल्या. २०१७ साली सातारा जिल्ह्यातील भिलार हे गाव ‘पुस्तकांचे गाव’ म्हणून उभे राहिले. स्ट्रॉबेरीसाठी प्रसिद्ध असलेल्या या गावात घरोघरी पुस्तके मांडलेली आहेत आणि येणाऱ्या कोणालाही ती तेथे बसून विनामूल्य वाचता येतात.

ग्रंथालयांना कायद्याचा आधारही आहे. कोल्हापूर संस्थानाने १९४५ सालीच ग्रंथालयांसंबंधी कायदा केला होता. महाराष्ट्र राज्याने १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. त्यान्वये गावोगावच्या मान्यताप्राप्त ग्रंथालयांस शासकीय अनुदान मिळते. परंतु केवळ अनुदानावर ग्रंथालय जगत नाही. जेथे वाचक येत नाहीत, तेथे कपाटांवर धूळ बसते, नवी पुस्तके येणे थांबते आणि एके दिवशी दाराला कायमचे कुलूप लागते. थोडी अनामत आणि अल्प मासिक वर्गणी भरून जो विद्यार्थी ग्रंथालयाचा सभासद होतो, तो केवळ आपली सोय पाहत नाही. ते दार उघडे राहण्यासही तो हातभार लावतो.

ग्रंथालयाशिवायही काही सरळ आणि स्वस्त मार्ग आहेत. जुन्या पुस्तकांची खरेदी हा त्यांतील एक. पुण्याचा अप्पा बळवंत चौक किंवा मुंबईतील माटुंग्याचा किंग्ज सर्कल परिसर येथे वापरलेली पुस्तके अल्प किमतीस मिळतात. वर्ष संपताच वरच्या वर्गातील मुलाने आपली पुस्तके खालच्या वर्गातील मुलास देण्याची चांगली चाल अनेक शाळांत आहे. तीच अवांतर पुस्तकांसही लागू करता येईल. आणखी एक मार्ग भिशीचा. वर्गातील वीस मुलांनी दरमहा दहा दहा रुपये काढले, तर दोनशे रुपये जमतात आणि त्यांतून दरमहा एखादे नवे पुस्तक वर्गात येऊ शकते. वर्षअखेर वर्गाचे स्वतःचे छोटे ग्रंथालय तयार होते.

कायद्यानेही वाचकासाठी एक दार उघडे ठेवले आहे. भारतात लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांपर्यंत त्याच्या ग्रंथावरील हक्क त्याच्या वारसांकडे राहतो. त्यानंतर तो ग्रंथ साऱ्या समाजाचा होतो आणि कोणालाही तो छापता येतो. हरि नारायण आपटे १९१९ साली निवर्तले, तर साने गुरुजी १९५० साली. त्यामुळे आपट्यांच्या कादंबऱ्याच नव्हेत, तर ‘श्यामची आई’ हे पुस्तकही आता या सार्वजनिक ठेव्यात आले आहे. अशा ग्रंथांची स्वस्त आवृत्ती काढणे किंवा ते संगणकावर विनामूल्य ठेवणे ही चोरी नव्हे. लेखकाचा न्याय्य वाटा आणि समाजाची गरज या दोहोंची सांगड कायद्याने येथे घातली आहे.

संगणकामुळे तर शासकीय संस्थांच्या ग्रंथभांडारांची दारे मोठ्या प्रमाणावर खुली झाली आहेत. मराठी विश्वकोशाचे जाडजूड खंड विकत घेणे थोड्याच घरांना शक्य होते. आज त्यांतील नोंदी कोणालाही पैसा न मोजता वाचता येतात. १९६० साली स्थापन झालेल्या साहित्य संस्कृती मंडळाची अनेक पुस्तके संकेतस्थळावरून मोफत मिळतात. १९७१ साली सुरू झालेल्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंकही असेच खुले आहेत. मात्र ज्या घरी संगणक नाही, किंवा घरातील एकच भ्रमणध्वनी वडिलांबरोबर दिवसभर कामावर जातो, त्या घरातील मुलास या सोयीचा उपयोग तो काय? त्याच्यासाठी हाती धरण्याचे पुस्तक आणि पायी जाता येईल असे वाचनालय हेच खरे साधन आहे. संगणक आला म्हणून वाचनालयाची गरज संपली, असे मानणे म्हणजे ज्याला सर्वाधिक गरज आहे त्यालाच दाराबाहेर ठेवणे होय.

सारेच वाचक पुस्तके मागून वाचू लागले तर विकत कोण घेणार, अशी शंका कोणी काढील. ती शंका रास्त आहे; परंतु तिचे समाधान कठीण नाही. ग्रंथालय हे स्वतःच एक ग्राहक आहे. हजार ग्रंथालयांनी एकेक प्रत घेतली, तर एक संपूर्ण आवृत्ती खपते. शिवाय ग्रंथालयात वाढलेला वाचकच पुढे मिळवता झाल्यावर आवडीचे पुस्तक घरी असावे म्हणून दुकानात जातो. ज्याने बालपणी कधी वाचलेच नाही, तो श्रीमंत झाला तरी पुस्तकावर पैसा घालीत नाही. ज्याला परवडते त्याने मात्र विकत घेणेच योग्य; कारण त्याच्या खरेदीवर पुढील पुस्तकाचा जन्म अवलंबून असतो. सणाला किंवा वाढदिवसाला महागड्या खेळण्याऐवजी एखादे पुस्तक देण्याची रीत रूढ झाली, तरी मराठी पुस्तकांच्या प्रती वाढतील आणि वर सांगितलेल्या हिशोबाने किमतीही उतरू लागतील.

या साऱ्या व्यवस्थेचा आधार मात्र पैसा नसून विश्वास आहे, आणि तो सांभाळण्याचे काम मोठ्यांइतकेच लहानांचेही आहे. ग्रंथालयाचे पुस्तक मुदतीत परत न करणारा, चित्र आवडले म्हणून पान फाडून घेणारा किंवा समासात रेघोट्या ओढणारा विद्यार्थी आपल्यामागून येणाऱ्या प्रत्येक वाचकाचा वाटा हिरावून घेतो. पुस्तक त्याच्या घरी अडकून पडते तेवढे दिवस ते दुसऱ्या कोणासाठी महाग, किंबहुना अप्राप्य झालेले असते. उलट, हाती आलेले पुस्तक कव्हर घालून जपून वाचणारा आणि वेळेवर परत देणारा विद्यार्थी खिशातून एक पैसाही खर्च न करता पुस्तके स्वस्त करीत असतो. कागदाचे भाव ठरविणे मुलांच्या हाती नाही. परंतु वाचून झालेले पुस्तक पुढच्या वाचकाच्या हाती वेळेवर आणि धड पोचविणे हे सर्वस्वी त्यांच्याच हाती आहे.