लघवी तपासणीतील आढळांच्या संकेतांकांबाबत निवेदन

प्रति,
मा. प्रधान सचिव,
आरोग्य, वैद्यकीय व कुटुंब कल्याण विभाग,
तेलंगणा शासन, हैदराबाद.

विषय : लघवीतील दोषाची नोंद, कारण ठरेपर्यंत, आजाराच्या नव्हे तर आढळाच्या संकेतांकाने करण्याबाबत.

महोदय,

रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत, म्हणजे आयसीडी-१० मध्ये, प्रत्येक निदानाला अक्षर व अंकांचा संकेतांक असतो, आणि तपासणीत दिसलेल्या पण कारण न ठरलेल्या गोष्टींसाठी, म्हणजे आढळांसाठी, ‘आर’ अक्षराचे प्रकरण राखून ठेवलेले आहे. त्यानुसार लघवीतील प्रथिनासाठी आर-८०, साखरेसाठी आर-८१ आणि कल्चरमध्ये जंतू वाढल्यास आर-८२.७ हे संकेतांक आहेत, एन-३९.० हा मात्र मूत्रमार्गाच्या संसर्गाचा, म्हणजे डॉक्टरांनी ठरवलेल्या आजाराचा आहे.

हा भेद केवळ कागदी नाही. लघवीत बुडवलेल्या पट्टीवरील पिवळा चौकोन हिरवट झाला की अहवालात प्रथिनापुढे ‘एक प्लस’ लिहिले जाते, परंतु ताप किंवा दमवणारा व्यायाम यांमुळेही तो तात्पुरता हिरवट होतो. डॅपाग्लिफ्लोझिन हे मधुमेहावरील औषध रक्तातील साखर लघवीवाटे बाहेर टाकते, म्हणून ते घेणाऱ्याच्या लघवीत साखर दिसणे हा औषधाचाच परिणाम असतो. लघवी दुधासारखी पांढरी होत असल्यास आर-८२.० हा संकेतांक लागतो, पण तिचे मूळ हत्तीरोगाच्या जंतात आहे असे ठरले की तोच रुग्ण बी-७४ या गटात जातो; हत्तीरोग आढळणाऱ्या तेलंगणात हा फरक विशेष महत्त्वाचा आहे.

हैदराबादेत नांदेड, लातूरकडचे रुग्णही उपचारासाठी येतात आणि डिस्चार्ज कार्ड घेऊन गावी परततात. त्यावरील शेरे पुढच्या डॉक्टरांना वाचता आले नाहीत तरी संकेतांक वाचता येतो, त्यामुळे घाईने लिहिलेला एन-३९.० रुग्णाबरोबर पुढे जातो आणि अनावश्यक प्रतिजैविकांचे निमित्त ठरू शकतो. अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू असलेल्या आवृत्तीनुसार तेथील रुग्णांचे कोडिंग याच शहरात होते आणि त्याचे शिकवणीवर्ग अमीरपेठेत चालतात. तेव्हा कौशल्य येथे आहेच, ते येथील रुग्णाच्या कागदापर्यंत पोहोचणे बाकी आहे.

सबब पुढील मागण्या सादर करण्यात येत आहेत :

१. लघवीच्या अहवालावरून केलेल्या नोंदीत, डॉक्टरांनी आजार ठरवेपर्यंत, ‘आर’ प्रकरणातीलच संकेतांक वापरावा आणि त्याचा अर्थ शेजारी साध्या शब्दांत छापावा.

२. लक्षणे नसताना केवळ कल्चरमध्ये जंतू वाढले म्हणून एन-३९.० लिहू नये; मात्र गरोदरपणात लक्षणांविना असलेल्या जंतूंवरही उपचार करावे लागत असल्याने अशा स्त्रियांची नोंद ‘ओ’ प्रकरणाच्या नियमांनुसार करावी.

३. प्रथिन आढळल्यास तपासणी पुन्हा करावी, आणि दोष किमान तीन महिने टिकल्याची खात्री झाल्याखेरीज दीर्घकालीन मूत्रपिंडविकाराचा एन-१८ हा संकेतांक लिहू नये.

४. लघवीत साखर आढळल्यास रुग्ण घेत असलेल्या औषधांची नोंद त्याच कागदावर सक्तीची करावी.

५. दुधाळ लघवीची प्रत्येक नोंद हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रमाला कळवावी.

६. तपासणीनंतर निदान बदलल्यास जुना संकेतांक तारखेसह बदलून रुग्णाला नवी प्रत द्यावी, आणि नोंदणी करणाऱ्या कर्मचाऱ्यांना याचे प्रशिक्षण द्यावे.

१ जानेवारी २०२२ पासून जागतिक स्तरावर अकरावी आवृत्ती लागू झाली आहे. आढळ आणि आजार यांची आजची सरमिसळ तशीच राहिली, तर आवृत्ती बदलली तरी चूक तीच राहील आणि तिचा संकेतांक तेवढा नवा होईल. म्हणून वरील मागण्यांवर लेखी आदेश काढून त्याची प्रत निवेदकांस मिळावी, ही विनंती.

स्थळ : हैदराबाद

आपले विश्वासू,
हैदराबादेतील मराठी भाषक रुग्ण व त्यांचे नातेवाईक