व्याख्या पाठ करण्यासाठी की पारखण्यासाठी?

१/ पदवी पातळीवरील समाजशास्त्रात एक प्रश्न वर्षानुवर्षे ठाण मांडून बसला आहे : ‘जातीची व्याख्या सांगून तिची वैशिष्ट्ये स्पष्ट करा.’ उत्तरही ठरलेले असते. दोन-तीन व्याख्या आणि त्यांखाली गो. स. घुर्ये यांची सहा वैशिष्ट्ये. या उत्तराखाली एक जिवंत वाद गाडला गेला आहे. हा धागा त्या वादाविषयी.

२/ प्रारंभ १९०९ पासून. पुढे मराठी ज्ञानकोशाचे संपादक झालेले श्रीधर व्यंकटेश केतकर तेव्हा अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात शिकत होते. वयाच्या २५व्या वर्षी त्यांचा जातिसंस्थेच्या इतिहासावरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. जातीची दोन लक्षणे त्यांनी मुख्य मानली : तिचे सभासदत्व जन्मानेच मिळते, आणि तिच्याबाहेर विवाह करण्यास मनाई असते.

३/ ९ मे १९१६. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात मानववंशशास्त्राचे अध्यापक अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात २५ वर्षांचे भीमराव आंबेडकर एक निबंध वाचतात. विषय : भारतातील जाती, त्यांची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास. पुढच्या वर्षी तो ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापला गेला.

४/ या निबंधात सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि केतकर यांच्या व्याख्या एकेक करून तपासल्या आहेत. जातीला सुटे एकक न मानता इतर जातींच्या संदर्भात पाहिल्याचे श्रेय आंबेडकर केतकरांना देतात. मात्र त्यांची दोन लक्षणे ही एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत, असेही दाखवून देतात. बाहेरचा विवाहच बंद केला, तर सभासदत्व आपोआप जन्मावर येऊन ठेपते.

५/ म्हणजे मूळ लक्षण उरले एकच : अंतर्विवाह. आता पुढचा प्रश्न. गट बंद ठेवायचा, तर त्यातील विवाहयोग्य स्त्री-पुरुषांची संख्या समतोल राहिली पाहिजे. जोडीदार मरण पावला की हा तोल ढळतो. सती आणि सक्तीचे वैधव्य हे ‘अतिरिक्त’ ठरलेल्या स्त्रीसाठी काढलेले उपाय. विधुराला वधू मिळावी म्हणून बालविवाह. ज्या प्रथांचा पुढे धर्म म्हणून गौरव झाला, त्या येथे जात टिकवणाऱ्या यंत्रणेचे भाग म्हणून उभ्या राहतात.

६/ या मांडणीत पाठ करण्याजोगे फारसे काही नाही. तपासून पाहण्याजोगे पुष्कळ आहे. जात आणि स्त्रीवरील नियंत्रण हे दोन वेगळे धडे नाहीत, हे एका विद्यार्थ्याने शतकापूर्वी दाखवून दिले होते. क्रमिक पुस्तकांत मात्र ते आजही पुष्कळदा दोन वेगळ्या प्रकरणांत असतात.

७/ इकडे मुंबई विद्यापीठात १९१९ मध्ये पॅट्रिक गेडेस यांच्या नेतृत्वाखाली समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला. १९२४ मध्ये तो घुर्ये यांच्याकडे आला. १९३२ च्या त्यांच्या ग्रंथात ती प्रसिद्ध सहा वैशिष्ट्ये आली : समाजाची खंडात्मक विभागणी, श्रेणीरचना, खानपान व सामाजिक व्यवहारांवरील निर्बंध, नागरी व धार्मिक अधिकारांतील विषमता, व्यवसायनिवडीवरील बंधने आणि विवाहावरील निर्बंध.

८/ आंबेडकरांना जे मूळ वाटले, ते या यादीत सहावे आहे. मग विवाहबंदी हे अनेक लक्षणांपैकी एक, की उरलेली लक्षणे उभी राहतात तो पाया? वर्गात खरा तास येथून सुरू व्हायला हवा. प्रत्यक्षात सहावा मुद्दा लिहून झाला की उत्तर संपते.

९/ खुद्द घुर्यांच्या विद्यार्थ्यांनी ही यादी प्रमाण मानून हात जोडले नाहीत. इरावती कर्वे यांनी जातीकडे विस्तारित नातेसमूह म्हणून पाहिले आणि एका मोठ्या गटाचे तुकडे पडून जाती झाल्या हे मत नाकारले. अ. र. देसाई मार्क्सवादाकडे वळले. एम. एन. श्रीनिवास १९४८ मध्ये म्हैसूरजवळच्या एका खेड्यात जाऊन राहिले. ही परंपराच मतभेदांतून वाढली.

१०/ यावर आक्षेप येईल : पदवीच्या विद्यार्थ्याचा आधी पाया पक्का हवा, वाद पुढे पदव्युत्तर वर्गात. आक्षेपात तथ्य आहे. केतकर आणि आंबेडकर यांच्या हाताशी मोठी ग्रंथालये होती. तालुक्याच्या महाविद्यालयात भरगच्च वर्ग, परीक्षेचे वेळापत्रक आणि बाजारातले गाइड असते. तरीही आंबेडकरांचा निबंध छोटा आहे आणि मराठीत उपलब्ध आहे. शिवाय पदवीनंतर बहुसंख्यांचे समाजशास्त्र संपते. ‘पुढे’ असे म्हणणे म्हणजे त्यांच्यापुरते ‘कधीच नाही’ असे म्हणणे.

११/ आणि आज या वर्गात कोण बसते? पुष्कळदा घरातील पहिली पदवी घेऊ पाहणारा मुलगा किंवा मुलगी. प्रकरण ज्या समाजाविषयी आहे, त्यातूनच ती आलेली असतात. कोणत्या घरी चहा मिळतो, स्थळ कुठे पाहतात, कोणते लग्न मोडले जाते, हे त्यांना पुस्तकाआधी ठाऊक असते. हे ज्ञान दाराबाहेर ठेवून सहा मुद्दे लिहायला लावणे, हा त्या विद्यार्थ्यावर आणि विषयावरही अन्याय आहे.

१२/ बदल फार मोठा नको. प्रश्नपत्रिकेत एकच प्रश्न असा असावा : ‘केतकर, आंबेडकर आणि घुर्ये यांच्यापैकी कोणाची मांडणी आपल्या परिसरातील गेल्या तीन पिढ्यांच्या विवाहांचा उलगडा अधिक चांगला करते? कोणाचेही नाव न घेता, सकारण लिहा.’ त्याचे उत्तर कोणत्याही गाइडमध्ये सापडणार नाही. (समाप्त)