खुर्ची भंगारात निघते तेव्हा

इमारत पुनर्विकासाला निघाली, की घरात पहिला प्रश्न उभा राहतो तो जुन्या लाकडी सामानाचा. कल्याणमधील एका स्नेह्यांच्या घरी नुकताच हा प्रसंग पाहिला. आजोबांच्या वेळची काळसर शिसवी खुर्ची. पाठीवर वेलबुट्टी, हातांच्या टोकांना सिंहमुखे, बैठकीवरची मखमल विरून आतला काथ्या बाहेर आलेला. भाड्याच्या तात्पुरत्या जागेत ती मावेना. जुन्या सामानाच्या व्यापाऱ्याने पलंग-कपाटाबरोबर ती एकरकमी उचलली. खुर्चीचे असे वेगळे मोल झालेच नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबईच्या कारागिरांनी युरोपीय घाटाच्या बैठकांवर आपल्याकडच्या कोरीवकामाचा साज चढवला. साहेबांच्या बंगल्यांत आणि पारशी दिवाणखान्यांत तो मिरवला. परदेशी संग्राहक आज त्यास ‘बॉम्बे ब्लॅकवूड’ म्हणतात. स्नेह्यांची खुर्ची त्यांतलीच होती काय? ते सांगायला जाणकार हवा, आणि तो कोठे गाठावा हेच सामान्य गृहस्थाला ठाऊक नसते.

जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवले, की मालाचे दोष विकणाऱ्यालाच ठाऊक असले म्हणजे चांगला माल बाजारातून हटतो. जुन्या खुर्चीच्या बाजारात पारडे उलटे असते. येथे जाणतो तो घेणारा. त्याचा नफा हे बव्हंशी आपल्या अज्ञानाचे भाडे असते.

सरकारचे तरी काय वेगळे? चंडीगढच्या कचेऱ्यांसाठी पिएर जानरे यांच्या देखरेखीखाली घडलेल्या सागवानी खुर्च्या मोडीत निघाल्या, लिलावात गेल्या आणि परदेशांत लाखोंच्या बोलीला पोहोचल्या. केंद्रीय गृहखात्याला जाग आली ती २०११ साली. १९७२ चा पुरावस्तू कायदा शंभर वर्षांच्या वस्तूंना खासगी निर्यातीपासून संरक्षण देतो. या खुर्च्या त्याहून तरुण. आणि निर्यातबंदी असली, तरी कल्याणच्या जिन्यावरून खाली उतरणाऱ्या खुर्चीला तिचा काय उपयोग?

पुण्याचे दिनकर केळकर चष्म्यांचे दुकान सांभाळून अडकित्ते, दिवे, दारे गोळा करीत राहिले आणि पुढे हजारो वस्तूंचा तो संग्रह त्यांनी राज्य शासनाला दिला. मुंबईने भायखळ्याचे संग्रहालय १८७२ सालीच उघडले होते. पाणी आणि रस्ते नाहीत तेथे खुर्च्यांचे कौतुक कशाला, हा आक्षेप मला मान्य आहे. अर्थशास्त्र शिकवणाऱ्याने तो नाकारणे शोभणारही नाही. पण मी राजवाडा मागत नाही. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांनी पुनर्विकासाच्या परवानगीबरोबर रहिवाशांना एका जाणकाराचा पत्ता द्यावा, आणि वाचनालयाच्या इमारतीत एखादी कोरडी खोली राखावी. एवढ्या खर्चाने कोणताही रस्ता अडणार नाही.

तोवर ज्यांच्या इमारतीला नोटीस आली आहे त्यांनी जुन्या वस्तूचे छायाचित्र काढावे; ती कोणी, केव्हा, कोठून आणली हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून कागदावर उतरवावे; शक्य तर संग्रहालयातील कोणाला दाखवावे. व्यापाऱ्याला त्यानंतर बोलवावे.