शिंजुकुतील रस्सा

टोकियोला जाऊन आलेल्या माणसाने आसाकुसाच्या देवळाचे वर्णन केलेच पाहिजे, असा संकेत दिसतो. तो थोडक्यात पाळतो. महाद्वारावरचा प्रचंड तांबडा कंदील पाहिला. इ. स. ६२८ मध्ये सुमिदा नदीत कोळ्यांच्या जाळ्यात सापडली असे सांगतात, ती कन्नोनची मूर्ती भाविकांना दाखवीतच नाहीत, हे ऐकून विठोबाच्या पायांवर डोके टेकवणाऱ्या आमच्यासारख्यांस नवल वाटले. देवळापुढच्या गल्लीत नातवंडांसाठी पंखे घेतले. दुकानदारीण पैसे हातात घेईना. समोरच्या तबकात ठेवावयास लावी, आणि परतीची नाणीही तबकातूनच देई.

खाणावळींची मात्र आम्ही धास्ती घेतली होती. दारातील काचेच्या कपाटात प्रत्येक पदार्थाचा हुबेहूब नमुना मांडलेला असतो. तो पाहून मराठी माणसाच्या तोंडाला पाणी सुटते आणि शाकाहारी माणसाचे ते लगेच आटते. कारण निव्वळ भाजीचे म्हणून जे सार समोर येते, त्याचा पायाच बहुधा सुकवलेल्या माशाच्या अर्काचा. आठ दिवस आम्ही लेकीच्या हातच्या वरणभातावर काढले.

नवव्या दिवशी मात्र शिंजुकुला नाकामुराया येथे जाण्याचा हट्ट आमचाच होता. पूर्वी हे पावाचे दुकान. लॉर्ड हार्डिंज बाँब प्रकरणापासून ज्यांच्या मागावर सरकार होते, ते रासबिहारी बोस १९१५ साली जपानला निसटले. इंग्रजांच्या दडपणाखाली जपानी सरकारने त्यांना देश सोडण्याचा हुकूम दिला, तेव्हा या दुकानाचे मालक सोमा आइझो आणि त्यांची पत्नी कोक्को यांनी त्यांना दुकानामागच्या चित्रशाळेत दडवून ठेवले. पुढे १९१८ मध्ये त्यांची कन्या तोशिको हिने रासबिहारींशी विवाह केला. ती १९२५ साली निवर्तली. दोन वर्षांनी दुकानात उपाहारगृह निघाले आणि जावयाने तेथे हिंदी पद्धतीची कोंबडीची करी सुरू करविली. बाजारात करीभात दहा-बारा सेनला मिळे, तेव्हा हिची किंमत ऐंशी सेन! तरी लोक येत. ‘प्रेम आणि क्रांतीची चव’ अशी तिची ख्याती झाली.

आज तेथे मोठी इमारत आहे आणि उपाहारगृह तळघरात. भात निराळा, रस्सा निराळ्या भांड्यात. त्यात हाडांसकट कोंबडीचे तुकडे.

लेक म्हणाली, “बाबा, तुम्ही नुसता भात घ्या. पाहायला आलो, पाहिलं.”

आम्ही भांड्याकडे पाहत बसलो. जन्मात मांसाला शिवलो नव्हतो. पण परागंदा झालेला माणूस, पुन्हा कधीही मायदेशी न परतलेला (१९४५ च्या जानेवारीत तो तेथेच वारला), सासरच्या स्वयंपाकघरात उभा राहून घरच्या चवीसाठी झगडला, त्या चवीसमोर बसून कोरडा भात चिवडणे आम्हांस जमेना. तुकडे लेकीच्या ताटात सारले आणि रस्सा भातावर ओतून घेतला. हे वाचून आमच्या घरी काय होईल ते होवो! तिखट बेताचे होते. मसाल्याचा वास मात्र खरा होता.

“विष्णुपंत पिंगळ्यांच्या नावाने,” असे तोंडून निघून गेले.

“पिंगळे कोण, बाबा?”

घास घशात अडकला. इंदूरच्या मराठी घरातली, आमच्याच हाताखाली शिकलेली ही मुलगी. तीस वर्षे वर्गावर्गांतून आम्ही काय सांगत आलो?

योकोहामाच्या गाडीत सांगितले. तळेगाव ढमढेरे येथील विष्णु गणेश पिंगळे अमेरिकेत शिकावयास गेले, गदर पक्षात मिळाले, परत येऊन काशीला रासबिहारींना भेटले. २१ फेब्रुवारी १९१५ ला ठरलेला सैन्यातील उठाव फितुरीने फसला. तरी पिंगळे बाँब घेऊन मेरठच्या घोडदळाच्या छावणीत गेले आणि तेथे मार्चमध्ये पकडले गेले. १६ नोव्हेंबरला लाहोरच्या तुरुंगात कर्तारसिंग सराभांबरोबर त्यांना फाशी झाली. पुढच्याच महिन्यात रासबिहारी त्या पाववाल्याच्या घरी लपले होते.

लेक बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होती. मग तिने विचारले, “वय काय होतं त्यांचं?”

“सत्तावीसच्या आसपास.”

तिचेही तेवढेच आहे.