ओल्या कचऱ्याचा धनी कोण?

नागपूर शहर दररोज हजार टनांहून अधिक कचरा निर्माण करते, आणि वर्षानुवर्षे तो भांडेवाडीत साचत आला. उन्हाळ्यात या ढिगांना आगी लागतात. धूर सोसावा लागतो तो आसपासच्या कामकरी वस्त्यांना. सिव्हिल लाइन्सपर्यंत तो पोचत नाही. या कचऱ्यातील ओला भाग, विशेषतः कळमना बाजारातील पाला आणि सडकी फळे, हे मुळात अन्नच आहे. त्याचे पुन्हा अन्न करण्याची रीत शास्त्राने आता सिद्ध केली आहे.

ब्लॅक सोल्जर फ्लाय या काळ्या माशीची अळी सुमारे दोन आठवडे ओला कचरा खाऊन वाढते. वाळवलेल्या अळीत जवळपास ४० टक्के प्रथिने भरतात. ते कोंबड्यांचे व माशांचे उत्तम खाद्य होय. मागे उरते ते शेताचे खत. ही माशी चावत नाही, घरमाशीसारखी रोगही पसरवीत नाही. युरोपीय संघाने २०१७ मध्ये मत्स्यशेतीसाठी आणि २०२१ मध्ये कोंबड्या-डुकरांसाठी कीटक-प्रथिनांना मुभा दिली; मात्र खानावळींच्या उष्ट्यावर अळ्या पोसण्यास तेथे मनाई आहे. ही सावधगिरी अनाठायी नाही. कचऱ्यातील कॅडमियमसारखे विष अळीच्या अंगात साठते. म्हणून आरंभ बाजारातील स्वच्छ, वेगळ्या काढलेल्या पाल्यापासूनच झाला पाहिजे.

खरा प्रश्न मालकीचा आहे. मार्च २०२२ मध्ये महापालिका सभागृहाची मुदत संपली. त्यानंतरच्या प्रशासकीय राजवटीत भांडेवाडीतील कचऱ्यापासून वायू काढण्याचा करार नेदरलँडमधील एका कंपनीशी झाला. लोकप्रतिनिधी नसताना शहराच्या मालमत्तेविषयी असे दीर्घ मुदतीचे निर्णय व्हावेत, हे लोकशाहीला शोभणारे नाही. एकदा टनांचा हिशेब कंपनीला लिहून दिला की वस्तीपातळीवरील उद्योगाला कच्चा माल उरत नाही. भांडवली वाट तरी खात्रीची आहे काय? फ्रान्समधील इन्सेक्ट या कंपनीत कोट्यवधी युरो ओतले गेले. गव्हाच्या कोंड्यावर अळ्या पोसणाऱ्या या कंपनीला २०२४ मध्ये न्यायालयाचे संरक्षण मागावे लागले.

कीटकपालन विदर्भाला नवे नाही. भंडारा-गडचिरोलीतील ढीवर कुटुंबे ऐनाच्या झाडांवर टसरचे किडे वाढवीत आली आहेत, पाखरांपासून त्यांची राखण करीत आली आहेत. राज्याचे रेशीम संचालनालय नागपुरातच आहे. पण कोसा पिकविणारा गरीबच राहिला, आणि कापडाचा भाव भलत्यांच्या पदरात पडला. हाच ढीवर मालगुजारी तलावांत मासे धरतो. नागपूरच्या पाल्यावर पोसलेली अळी त्याच्या मत्स्य सहकारी संस्थेकडे रास्त दराने गेली, तर शहर आणि तलाव यांच्यात दलालाला जागा राहत नाही.

सोयापेंडीला पर्याय उभा राहिला तर सोयाबीन उत्पादकाचे काय, असे शेतकरी चळवळीतील साथी विचारतील. शंका रास्त आहे. परंतु एका शहराच्या पाल्याने सोयाबीनचा भाव पडणार नाही. तो पडतो आयात तेलाच्या जहाजांनी.

पुण्यात १९९३ साली कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, आणि तिच्यातूनच निघालेल्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने पुढे महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा उचलण्याचे काम घेतले. नागपुरातील कचरावेचक स्त्रियांना अशी मान्यता मिळवून देणे हे पक्षशाखांचे पहिले काम ठरते. कळमन्यातील पाला त्यांच्या संस्थेला द्यावा, आणि महापालिकेने जागा, हातमोजे व वेतनाची हमी द्यावी, ही मागणी घेऊन कार्यकर्त्यांनी प्रभागाप्रभागांत सभा घ्याव्यात. शेडला सावली आणि पाणीही मागून घ्यावे. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा अळ्या तगत नाहीत, आणि तेथे राबणाऱ्या बायांचेही हाल होतात.