रात्रपाळीचा हिशेब
आमच्या सोसायटीच्या सभेत परवा सुरक्षेवरून बराच वाद झाला. रखवालदार पहाटे झोपतात, हा मुख्य आक्षेप. पाळी बारा तासांची, साप्ताहिक सुट्टी नाही. तेच गृहस्थ महिन्यापूर्वी माझ्याकडे आले होते; रक्तदाब १७०/१०६. गोळ्या दिल्या, परंतु अपुऱ्या झोपेने रक्तदाब आणि साखर दोन्ही वाढतात, आणि जागरणाला माझ्याकडे औषध नाही. त्यांच्या संमतीने हे मी सभेत सांगितले. आहे तो पगार न कापता आठ तासांच्या पाळ्या आणि तिसरा माणूस नेमावा, असे सुचवले. ४८ सदनिकांना महिना प्रत्येकी सुमारे ३०० रुपये पडतील. (कॅमेऱ्यांचा खर्च मात्र विनाचर्चा मंजूर झाला होता.) निर्णय पुढील सभेवर गेला. तोवर दर आठवड्याला रक्तदाब तपासून जा, असे त्यांना बजावले आहे.