डेलिया, हळदीकुंकू आणि आपण सगळ्याजणी

बागकामाच्या परदेशी पुस्तकांत, आणि आता मोबाइलवरच्या व्हिडिओंतही, डेलिया हे उन्हाळ्याचं आणि शरदाचं फूल म्हणून दाखवतात. मे-जूनमध्ये कंद लावा, ऑगस्टपासून थंडी पडेपर्यंत फुलं तोडा, असा त्यांचा हिशेब. इंग्लंड-हॉलंडला तो बरोबरच आहे. आपल्या अष्टमीत मात्र जूनमध्ये लावलेला कंद जुलैत चिखलात कुजलेला सापडतो. रायगडात पावसाळ्याच्या चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, कुंडलिकेच्या काठची जमीन दसऱ्यापर्यंत ओली असते, आणि डेलियाचा कंद म्हणजे पाण्याने भरलेली पिशवीच. तरी मे महिन्यात प्रदर्शनांतून रंगीत चित्रांची पाकिटं विकली जातात आणि बायका ती हौसेने घेतात. विकणारा हंगाम सांगत नाही. मग ‘आपल्या हाताला गुणच नाही’ म्हणून कित्येकजणी बागेचा नादच सोडतात. हाताचा काही दोष नाही हो, पंचांग चुकलं!

हे पंचांग समजायला अगदी सोपं आहे. डेलिया मूळचा मेक्सिकोच्या डोंगराळ भागातला. १७८९ च्या सुमारास त्याचं बी स्पेनमध्ये माद्रिदच्या बागेत पोचलं, आणि पुढे अँडर्स दाल या स्वीडिश वनस्पतितज्ज्ञाच्या नावावरून त्याचं नाव पडलं. युरोपात हिवाळ्यात हिम पडतं, त्याने झाड मरतं, म्हणून तिथले लोक कंद काढून घरात ठेवतात आणि हिवाळा सरला की पुन्हा लावतात. आपल्याकडे त्या हिमाच्या जागी पाऊस आहे, एवढं ध्यानात ठेवलं की झालं. आपला कंद पावसाळ्यात घरात आणि हिवाळ्यात बागेत. परदेशी फूल कशाला, असं कोणी म्हणालं तर त्यांना सांगा, ज्याच्याशिवाय आपला दसरा होत नाही तो झेंडूसुद्धा मेक्सिकोचाच पाहुणा.

आमच्याकडे धावीर महाराजांची पालखी झाली की डेलिया लावायला घ्यावा. पाऊस ओसरलेला असतो, ऑक्टोबरचं ऊन थोडं कमी होऊ लागतं. बी असेल तर त्याआधी पंधरा-वीस दिवस पागोळ्यांचं पाणी लागणार नाही अशा जागी, उथळ कुंडीत पेरावं. पेरल्यापासून तीन महिन्यांच्या आतबाहेर फूल येतं, म्हणजे डिसेंबरअखेर. बियांचा एक गुण म्हणा की खोड म्हणा, आईसारखी मुलगी निघेलच असं नाही. जांभळ्या झाडाचं बी पेरलं तर पिवळं, पांढरं, काहीही फुलेल. मला स्वतःला ही गंमत आवडते. ज्यांना नेमका तोच रंग हवा त्यांनी कोवळ्या फुटव्याचं बोटभर कलम वाळूत लावावं, नाहीतर कंद घ्यावा. कंद घेताना मात्र एक गोष्ट बघायचीच. बटाट्याला अंगभर डोळे असतात, डेलियाच्या कंदाला ते फक्त मानेशी, जुन्या खोडाला चिकटलेल्या भागात असतात. मान तुटलेला कंद कितीही टपोरा असला तरी फुटत नाही.

आता जातींचं. ताटलीएवढी फुलं देणारा मोठा डेकोरेटिव्ह डेलिया प्रदर्शनात पहिलं बक्षीस घेतो. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीत फुलांचं प्रदर्शन भरतं, तिथे लोक त्याच्याशेजारी उभं राहून फोटो काढतात. बंगालमध्ये रामकृष्ण मिशनच्या स्वामी विनयानंदांनी आपल्या हवेत रमणाऱ्या कितीतरी जाती तयार केल्या, ‘ज्योत्स्ना’ आणि ‘भिक्खूज मदर’ त्यांतल्याच. सुंदर आहेत यात शंका नाही. पण त्या डोक्याला काठीचा आधार द्या, बाजूच्या कळ्या खुडा, वारा आला की धावा. घरातली चार माणसं सांभाळून हे सगळ्यांना जमणारं नाही. माझं मत विचाराल तर पॉमपॉन लावावा. लिंबाएवढं गोल गरगरीत, मधमाशीच्या पोळ्यासारखं घडी घातलेलं फूल, देठ ताठ, एका झाडाला भरपूर फुलं. दुसरा कॅक्टस डेलिया, पाकळ्या सुरळीसारख्या वळलेल्या. शेंदरी रंगात तो फुलदाणीत फार शोभतो. आणि ज्यांच्याकडे गॅलरीच आहे त्यांनी बियांपासून येणारा हातभर उंचीचा बुटका डेलिया दहा-बारा इंची कुंडीत लावावा. ‘बिशप ऑफ लॅन्डाफ’ नावाची काळपट पानांची लाल जात चित्रात बघून मला मोह होतो, पण मिळालीच तर आधी एकच कंद घेऊन बघावा.

शेणखत, थोडी निंबोळी पेंड, पाणी निचरणारी माती आणि सकाळचं ऊन पुरतं. चार-पाच पानांच्या जोड्या आल्या की शेंडा खुडायचा, म्हणजे फांद्या फुटतात. खुडताना जीव होत नाही, तरी खुडायचा! पानांवर पांढरी भुरी दिसली तर ती पानं काढून टाकावीत आणि पाणी बुंध्याशीच घालावं.

फुलं कापायची ती भल्या सकाळी, आणि पुरती उमललेलीच. गुलाबाची कळी पाण्यात उमलते, डेलियाची नाही. कापल्यावर देठाचं टोक कडक पाण्यात थोडा वेळ धरून मग गार पाण्यात ठेवावं. रोज पाणी बदललं तर चार-पाच दिवस टिकतात. पाच पॉमपॉन, अडुळशाच्या दोन डहाळ्या, केळीच्या सोपटाने बांधलं की झाला गुच्छ. आपल्याकडच्या कार्यक्रमांत सेलोफेनमध्ये गुंडाळलेले जरबेरा देतात, दुसऱ्या दिवशी ते प्लास्टिकसकट कचऱ्यात जातात. आणि खोट्या फुलांचं तर विचारूच नका. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात प्लास्टिकच्या फुलांवर बंदीची मागणी विधानसभेपर्यंत पोचली ती फूलशेतकऱ्यांच्या पोटाला चिमटा बसला म्हणूनच. गावातल्या बचत गटाने पंचवीस कुंड्या लावल्या तरी शाळेच्या, मंडळाच्या गुच्छांची ऑर्डर घेता येईल. फार पैसा नाही, पण कुंडीला भांडवलही फार लागत नाही.

हे सगळं आज लिहिण्याचं खरं कारण वेगळं आहे. डेलियाचा बहर आणि संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतचं हळदीकुंकू एकाच वेळी येतं. हळदीकुंकवाला कोणाला बोलवायचं आणि कोणाला नाही, हे आपण न बोलता ठरवून टाकलेलं असतं. ज्या बाईने वर्षभर अबोली-मोगऱ्याला पाणी घातलं, शेजारणींना गजरे करून दिले, तिचा नवरा गेला की गजरा तिच्या केसांपाशी थांबतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, त्याच महिन्यात सरकारने इतर गावांनाही तसं करायला सांगितलं. ठराव झाले, टाळ्या झाल्या. पण परिपत्रक कोणाच्या ओटीवर येऊन गजरा देत नाही, ते आपल्यालाच करावं लागणार.

मला डेलिया इथे सोयीचा वाटतो. त्याला ना कुठला देव, ना कुठलं व्रत, ना सौभाग्याशी नातं. त्याच्याबद्दल आजीने काही सांगून ठेवलेलं नाही. त्यामुळे दारात येईल त्या प्रत्येकीच्या हातात तो देताना घरातल्या मोठ्यांनाही नाही म्हणायला कारण सापडत नाही. अडून बसलेल्या सासूबाईंशी वाद घालण्यापेक्षा हे सोपं पडतं. काहीजणी म्हणतील, ही पळवाट झाली, कुंकूच लावा सरळ. त्यांचंही बरोबर आहे, ज्यांना जमेल त्यांनी जरूर लावावं. ज्यांना यंदा एवढं जमणार नाही, त्यांनी आमंत्रण तरी सगळ्यांना द्यावं आणि प्लास्टिकच्या डब्याऐवजी वाण म्हणून फूल द्यावं.

मार्चअखेर झाड पिवळं पडू लागलं की पाणी तोडा. पंधरा दिवसांनी कंद अलगद उकरा, माती झटका, सावलीत सुकवा. कोरड्या वाळूत किंवा राखेत मडक्यात घालून माळ्यावर ठेवा, पावसाळ्यात महिन्याला एकदा हात घालून बघा आणि मऊ पडलेला कंद काढून टाका. एका झुपक्याला पाच-सहा कंद धरतात. मानेसकट कापले की तेवढी झाडं होतात, त्यामुळे ऑक्टोबरात दोन-तीन घरी देण्यापुरते सहज उरतात.